लिनो ब्रोका: बाजारात राहून खरं बोललेला दिग्दर्शक

पडद्यामागे

फिलिपिन्सचा सिनेमा म्हटला की महोत्सवांना जाणाऱ्या मंडळींना आता लाव्ह दियाझ आणि ब्रियान्ते मेन्दोझा आठवतात. या दोघांच्या कितीतरी आधी जगाचं लक्ष मनिलाकडे वळवणाऱ्या माणसावर मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. लिनो ब्रोका. जन्म १९३९, मृत्यू १९९१. दिग्दर्शनाची कारकीर्द जेमतेम एकवीस वर्षांची आणि त्यात साठच्या वर चित्रपट.

हा आकडा वाचून कुणालाही शंका येईल की इतके चित्रपट करणारा माणूस चांगले किती करत असेल. शंका रास्त आहे. त्याने गल्लाभरू कौटुंबिक चित्रपट भरपूर केले, चित्रमालिकांवरून (कॉमिक्सवरून) बेतलेले रडके चित्रपटही केले. पण मला त्याच्याबद्दल जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. तो बाजार सोडून कधी बाहेर गेला नाही. ज्या प्रेक्षकाला तीन तास रडायचं होतं, ज्याला नट-नट्यांची भांडणं आणि प्रेमं बघायची होती, त्याच प्रेक्षकाला त्याने हुकूमशहा फर्डिनांड मार्कोसच्या राजवटीतली मनिला दाखवली. मूठभर जाणकारांसाठी वेगळा सिनेमा काढायचा विचार त्याला पटत नसे. सामान्य फिलिपिनो प्रेक्षक घडवता येतो आणि तो घडवण्यासाठी आधी त्याच्यापर्यंत पोचावं लागतं, अशी त्याची धारणा होती.

जन्म सोर्सोगोन प्रांतातल्या पिलार गावचा. वडील लहानपणीच गेले. पुढचं बालपण नुएवा एसिहा प्रांतातल्या सान होसेमध्ये, गरिबीत गेलं. अमेरिकी चित्रपट पाहून पाहून इंग्रजी शिकला आणि शिष्यवृत्तीवर फिलिपिन्स विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या नाट्यमंडळात काम मिळेना, कारण उच्चार खेडवळ. मग पडद्यामागची कामं केली. याच काळात त्याने मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला आणि धर्मसेवक म्हणून हवाईला गेला. तिथे मोलोकाई बेटावर कालाउपापा नावाची कुष्ठरोग्यांची वसाहत होती. तिथे त्याने काम केलं. नंतर काही काळ सॅन फ्रान्सिस्कोत पडेल ती कामं केली आणि मनिलाला परतला.

परतल्यावर त्याला 'पेटा' भेटली. सेसिल गिदोते यांनी १९६७ साली सुरू केलेली ही नाट्यसंस्था फोर्ट सांतियागोच्या जुन्या किल्ल्यात, उघड्या आभाळाखाली, लोकांच्या भाषेत नाटकं करायची. ब्रोका शेवटपर्यंत या संस्थेचा माणूस राहिला. मार्कोसने मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावल्यावर गिदोते यांना देश सोडावा लागला, तेव्हा संस्था त्याने सांभाळली. त्याच्या चित्रपटांत दिसणारे कितीतरी नट आणि लेखक या घरातले आहेत. मारियो ओ'हारा हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. नट म्हणूनही आणि लेखक म्हणूनही.

१९७० साली पहिला चित्रपट आला, तो चालला. दोन-तीन वर्षं एका चित्रपट कंपनीसाठी एकामागून एक चित्रपट केले. १९७१ च्या 'तुबोग सा गिन्तो'मध्ये बायकोमुलं असलेल्या, समलैंगिकता लपवणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाची गोष्ट आहे. एका लोकप्रिय चित्रमालिकेवरून तो बेतला होता, आणि त्या काळच्या मानाने फार गंभीरपणे केलेला आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्शल लॉ लागू झाला. ब्रोका काही काळ चित्रपटांपासून दूर राहिला आणि १९७४ मध्ये स्वतःच्या कंपनीचा चित्रपट घेऊन परत आला: 'तिनिम्बांग का न्गुनित कुलांग'. तोलून पाहिलं, कमी भरलास, अशा अर्थाचं बायबलमधलं वचन आहे ते.

यात एक लहान गाव आहे. गावात भक्तिभाव उतू जातोय. गावातल्या एका बड्या माणसाने कधीकाळी एका बाईला जबरदस्तीने गर्भपात करायला लावला आणि ती वेडी झाली. तिचं नाव कुआला. पोरं तिला दगड मारतात, बाप्ये हसतात. तिला आसरा देतो तो गावाबाहेर राहणारा कुष्ठरोगी बेर्तो. आणि या दोघांशी माणसासारखं वागणारा गावात एकच जण आहे, तो त्याच बड्या माणसाचा कोवळा मुलगा. बेर्तोचं काम मारियो ओ'हारानेच केलंय, पटकथाही त्याची. लोलिता रोद्रिगेझची कुआला बघताना मला काही वेळ पडद्याकडे पाहवत नव्हतं. सगळ्यात संताप येतो तो गावातल्या धार्मिक बायकांच्या मंडळाचा. त्या कुआलाला 'सुधारायला' बेर्तोपासून तोडून घेऊन जातात आणि आपण पुण्य करतोय असं त्यांना मनापासून वाटत असतं. चित्रपट तुफान चालला, फामास हे तिथले चित्रपट पुरस्कारही त्याला मिळाले. कंपनी मात्र पुढे टिकली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'मायनिला: सा म्गा कुको नंग लिवानाग'. एदगार्दो रेयेस यांची कादंबरी, क्लोदुआल्दो देल मुंदो यांची पटकथा. निर्माता आणि छायालेखक माइक दे लिऑन, जे पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले. मारिन्दुके बेटावरचा कोळ्याचा पोर हुलियो आपल्या लिगायाला शोधत मनिलात येतो. शिक्षणाचं आणि नोकरीचं आमिष दाखवून एका बाईने तिला शहरात आणलेलं असतं. हुलियो पोटासाठी बांधकामावर राबतो. पगाराच्या वहीत सही एका रकमेवर घेतात, हातात त्याहून कमी ठेवतात. सोबतचा एक मजूर कामावरच मरतो आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू. चित्रपट कृष्णधवल सुरू होतो. पहाटेचे रस्ते, दुकानांच्या फळ्या निघताहेत, झाडलोट चाललीय, आणि हळूच रंग येतात. शहर जागं झालं हे सांगायला याहून चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही.

बांधकाम मजुरांचा हा भाग पाहताना एक गोष्ट मनात येते. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, मार्कोसची बायको इमेल्दा हिच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी घाईघाईने बांधल्या जाणाऱ्या मनिला फिल्म सेंटरची परांची कोसळली आणि मजूर ओल्या काँक्रीटमध्ये गाडले गेले. काम थांबलं नाही. महोत्सव जानेवारी १९८२ मध्ये ठरल्याप्रमाणे झाला.

१९७६ मध्ये 'इन्सियांग', मनिलातल्या तोंदोच्या झोपडपट्टीत चित्रित केलेला. १९७८ साली तो फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातल्या दिग्दर्शक पंधरवड्यात दाखवला गेला. कानमध्ये पोचलेला पहिला फिलिपिनो चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्याला तिथे नेण्यात फ्रेंच चित्रपटवेडे पियेर रिसियाँ यांचा मोठा हात होता. मग १९८० मध्ये 'जॅग्वार' थेट मुख्य स्पर्धेत. हाही पहिलाच फिलिपिनो मान. पटकथा होसे लकाबा आणि रिकी ली यांची. दोघेही मार्शल लॉच्या काळात तुरुंगात राहून आलेले, लकाबांचा तर छळ झालेला आणि त्यांचा कवी भाऊ मारला गेलेला. हे माहीत असलं की त्या चित्रपटातल्या सुरक्षारक्षकाची गोष्ट वेगळी दिसू लागते. मालकाने खांद्यावर हात ठेवला म्हणून आपण त्याच्यातलेच झालो असं त्याला वाटतं, आणि मालकासाठी तो खून करून बसतो.

पुढचं, म्हणजे १९८३ नंतरचं, प्रतिसादांत लिहितो. धागा आधीच लांबलाय. कुणी काय पाहिलंय तेही सांगा.

दर्यावर्दी

छान लिहिलंत. मी रत्नागिरीचा, बोटीवर इंजिनात काम करतो. आमच्या बोटींवर निम्मे लोक फिलिपिनो असतात, त्यामुळे ब्रोका हे नाव मी ऐकलंय, पण नटी नोरा औनोरमुळे. आमचा एक म्हातारा बोसन (खलाशांचा मुकादम) होता, त्याच्या केबिनमध्ये तिचा फोटो लावलेला असायचा. त्याच्याकडे ब्रोकाचा 'बोना' होता, आम्ही मेसमध्ये बसून पाहिला. मला सबटायटल नसतानाही समजला यातच काय ते आलं.

नोरा लहानपणी बिकोल भागात रेल्वे स्टेशनवर पाणी विकायची, गाण्याची स्पर्धा जिंकून वर आली. फिलिपिनो लोकांना ती घरची वाटते. त्यांच्या पडद्यावर तोवर गोऱ्या, मिश्र वंशाच्या नट्याच चालायच्या, ही सावळी, ठेंगणी. बोसन म्हणायचा ती आमच्यासारखी दिसते. आणि 'बोना'मध्ये तिला सारखं पाणी भरताना, तापवताना दाखवलंय. तिच्या लोकांना ते बघून काय वाटत असेल!

अबोली

'बोना'चा विषय निघालाच आहे तर लिहिते. बऱ्यापैकी घरातली मुलगी एका भुक्कड नटाच्या मागे लागते. तो चित्रपटांत कोपऱ्यात उभा राहणारा, पण वस्तीत हिरो म्हणून मिरवणारा. ही घर सोडून त्याच्याकडे येते आणि त्याची मोलकरीण होते. तो बाया आणतो, ही त्याच्या अंघोळीचं पाणी तापवते. शेवट सांगत नाही, पण पाणी तापवणं कुठे जाऊन पोचतं ते बघाच.

मला यातली सुरुवात विलक्षण वाटते. मनिलातल्या कियापोच्या काळ्या नाझरेनोची, म्हणजे येशूच्या काळ्या मूर्तीची, मिरवणूक आहे, खरीखुरी गर्दी, मूर्तीला एकदा हात लागावा म्हणून एकमेकांच्या अंगावर चढणारी माणसं. त्यानंतर बोनाची गोष्ट सुरू होते. भक्ती माणसाला कुठवर नेते हे एक अक्षरही न बोलता आधीच सांगून टाकलंय. शिवाय नोरा औनोर स्वतः या चित्रपटाची निर्माती होती. जिच्या चाहत्यांच्या वेडाला सीमा नव्हती, तिने चाहत्याच्या वेडाची गोष्ट स्वतःच्या पैशाने काढली आणि वेडी चाहती स्वतः झाली. यासाठी फार धैर्य लागतं.

'इन्सियांग'बद्दल मात्र माझं एक म्हणणं आहे. कत्तलखान्यातली सुरुवात, आईचा तरणा प्रियकर, त्याने मुलीवर केलेला बलात्कार, आईने मुलीलाच दोष देणं, मुलीचा थंड डोक्याने घेतलेला सूड. इथपर्यंत चित्रपट सुरीसारखा चालतो. हिल्डा कोरोनेलचा चेहरा शेवटी शेवटी ओळखू येत नाही इतका बदलतो. पण तुरुंगातल्या भेटीत मुलगी आईपुढे मऊ होते, ते मला उपरं वाटलं.

पडद्यामागे

अबोली, तुमचं निरीक्षण बरोबर जागी आहे. तो शेवट सेन्सॉरच्या दबावाखाली सौम्य केला गेला. मुलीने आईच्या हातून खून घडवून आणायचा आणि पश्चात्तापही करायचा नाही, हे त्यांना चालणार नव्हतं. तरीही आईचं काम करणाऱ्या मोना लिसाने त्या प्रसंगात जो ताठपणा ठेवलाय त्याने तो प्रसंग बराच सावरलाय. आई मवाळ होत नाही. मुलगी निघून गेल्यावर जाळीतून तिच्याकडे बघते तेव्हा तिच्या मनात काय आहे हे ती आपल्याला पूर्ण कळू देत नाही.

त्या चित्रपटावर राज्यकर्त्यांचा राग होता त्याला कारण होतं. तेव्हा इमेल्दा मार्कोस मनिलाची राज्यपाल होती आणि शहर 'सुंदर' करण्याचा धडाका लावला होता. १९७४ ला विश्वसुंदरी स्पर्धा, त्यासाठी ७७ दिवसांत उभारलेलं नाट्यगृह. १९७६ ला जागतिक बँक आणि नाणेनिधीची बैठक, त्याआधी झोपड्या हटवल्या, उरलेल्या पांढऱ्या कुंपणांआड लपवल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मनिलाच्या चित्रपट महोत्सवात तोंदोचा चिखल, नळावरची भांडणं आणि पत्र्याच्या भिंती घेऊन ब्रोका हजर! त्या चित्रपटात राजवटीबद्दल एक वाक्य नाही, घोषणा नाही. आई, मुलगी, प्रियकर, एवढंच. पण ज्या जागा झाकायला सरकारने एवढा खर्च केला त्या जागांच्या आत कॅमेरा गेला, आणि तो कानपर्यंत गेला.

पेठेतला

इथे पुण्याचा एक धागा जोडतो. ब्रोकाच्या तोडीचा त्याच पिढीतला दुसरा दिग्दर्शक म्हणजे इश्माएल बर्नाल, आणि हा बर्नाल आपल्या पुण्यात शिकलेला! प्रभातच्या जागेत तेव्हाच्या फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडियात त्याने दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम केला, १९७० ला पदविका घेऊन मनिलाला परतला. त्याआधी फ्रान्समध्ये साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकला होता. त्याच्या १९८० च्या मनिलाच्या रात्रीवरच्या चित्रपटातून सेन्सॉरने 'मनिला' हा शब्दच काढायला लावला, नाव बदलून प्रदर्शित करावं लागलं. नोरा औनोरचा 'हिमाला'ही बर्नालचाच.

पुण्यातल्या शिक्षणाचा बर्नालवर काय परिणाम झाला यावर कुणाकडे माहिती असेल तर वाचायला आवडेल. माझ्या मते बर्नाल जास्त बुद्धीचा आणि ब्रोका जास्त काळजाचा दिग्दर्शक.

आता थोडं वेगळं मत. 'मायनिला' मोठा चित्रपट आहे, मान्य. पण लिगायाला कोंडून ठेवणारा चिनी व्यापारी फार ढोबळ आहे. त्याला ना आवाज ना आतलं काही, नुसता खलनायक. मनिलात चिनी समाजाबद्दल आधीच आकस होता, आणि शहरातल्या सगळ्या अन्यायाचं तोंड शेवटी त्याच्यावर येऊन थांबतं. बांधकामावरचा मुकादम आणि मालक मोकळे सुटतात. ज्या दिग्दर्शकाला गरिबीमागची व्यवस्था दाखवायची होती त्याने हे करायला नको होतं.

पडद्यामागे

पेठेतला, हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मोठा आहे. कादंबरीतही हे पात्र आहे, पण चित्रपट करताना त्याला माणूस करता आलं असतं. एक मात्र जोडतो. हुलियो बर्फ फोडायच्या टोच्याने त्या व्यापाऱ्याला मारतो, त्यानंतर चित्रपट सुटकेचा श्वास घेऊ देत नाही. ज्या गर्दीत तो इतके दिवस वावरला तीच गर्दी काठ्या घेऊन त्याच्यामागे लागते, त्याला बोळाच्या टोकाला गाठते आणि चित्र त्याच्या भेदरलेल्या चेहऱ्यावर थिजतं. त्या खुनाने काहीही सुटलेलं नाही हे ब्रोकाला कळत होतं. तरीही तुमचं म्हणणं उरतंच.

बर्नालची पुण्याची माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. आता १९८३ नंतरचं.

२१ ऑगस्ट १९८३ ला विरोधी नेते निनॉय अकिनो विमानातून उतरताच मनिला विमानतळावर मारले गेले. देश रस्त्यावर आला. ब्रोका त्या आधीच सेन्सॉरविरुद्ध कलावंतांना एकत्र आणत होता. त्यातून कलावंतांची संघटना उभी राहिली आणि तो तिच्या पुढाऱ्यांपैकी एक झाला. मोर्चात चालायचा, भाषणं करायचा.

याच वातावरणात 'बायान को: कापित सा पातालिम' झाला. पटकथा पुन्हा लकाबांची, वर्तमानपत्रांत आलेल्या खऱ्या घटनांवरून. छापखान्यात काम करणारा तुरिंग बायकोच्या अवघड बाळंतपणासाठी मालकाकडून पैसे उचलतो. बदल्यात संघटनेत जाणार नाही असं लिहून देतो. पुढे संप होतो. दोस्त दाराबाहेर घोषणा देताहेत आणि हा त्यांच्या डोळ्यांसमोरून आत कामाला जातो. बाळंतपण झाल्यावर इस्पितळ बिल चुकतं होईपर्यंत बायकोला आणि बाळाला सोडत नाही. मग तो काय करतो ते बघा. फिलिप साल्वादोर आणि जीना अलाहार दोघांचीही कामं भेदक आहेत. चित्रपटात खऱ्या मोर्चांची दृश्यं आहेत आणि मार्कोसच्या काळात निषेधाचं गाणं झालेलं 'बायान को' आहे. चित्रपट गुपचूप देशाबाहेर नेला गेला, १९८४ मध्ये कानच्या स्पर्धेत दाखवला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची सदरलँड ट्रॉफी त्याला मिळाली. मायदेशात सेन्सॉरने अडवला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य हा नियम आणि बंधन हा अपवाद, आणि अपवादासाठी स्पष्ट, समोर दिसणारा धोका दाखवावा लागेल. पण याचिका मात्र फेटाळली. तत्त्व जिंकलं, चित्रपट हरला.

त्या आधीच जानेवारी १९८५ मध्ये जीपनी (जीपसारख्या प्रवासी गाड्या) चालकांच्या संपाला पाठिंबा द्यायला ब्रोका आणि दिग्दर्शक-नट बेन सर्व्हांतेस गेले होते. २८ जानेवारीला दोघांना पकडलं. न्यायालयाने जामीन दिला, तरी सोडलं नाही. नवा आदेश काढून, राजद्रोहाला चिथावणीचा नवा आरोप लावून आत ठेवलं. सोळा दिवसांनी सुटका झाली. आणि त्याच वर्षी त्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादकलांसाठीचा.

वऱ्हाडवारा

१९८५ चा मॅगसेसे म्हटल्यावर राहवलं नाही. त्याच वर्षीचा लोकसेवेसाठीचा मॅगसेसे बाबा आमट्यांना मिळाला होता! आमच्या वरोऱ्याला तेव्हा केवढा आनंद झाला होता हे घरच्या मोठ्यांकडून कितीदा ऐकलंय. त्या यादीत बाबांशेजारी कोण होतं याचा कधी विचारच केला नव्हता.

आणि तुम्ही वर लिहिलंय की हा दिग्दर्शक तरुणपणी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करून आला होता, त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रपटात कुष्ठरोगी हा गावातला सगळ्यात सज्जन माणूस आहे. आम्ही तुळशीरामची गोष्ट ऐकत मोठे झालो. पावसात गटाराकडेला पडलेला, बोटं झडलेला माणूस, त्याला बघून पळालेले बाबा, आणि त्या भीतीची लाज वाटून परत आलेले बाबा. बेर्तोची गोष्ट वाचताना मला ते आठवलं. एका बाजूला आनंदवन, दुसऱ्या बाजूला मोलोकाई, आणि दोघांचं नाव एकाच वर्षीच्या पुरस्कारात. हा चित्रपट मी नक्की बघणार. आनंदवनातल्या ओळखीच्या मंडळींनाही दाखवायचा आहे.

पडद्यामागे

वऱ्हाडवारा, ही जोड मला माहीत नव्हती, वाचून फार बरं वाटलं. आनंदवनात दाखवलात तर तिथल्या लोकांना बेर्तो कसा वाटला ते जरूर लिहा. या चित्रपटाबद्दल त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नाही.

आता ब्रोकाच्या आयुष्यातला जो भाग मला सगळ्यात मोठा वाटतो त्याकडे येतो. फेब्रुवारी १९८६ ला मार्कोस पळाला, निनॉय यांच्या पत्नी कोरी अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. ब्रोका जिंकलेल्या बाजूचा माणूस होता. त्या मे महिन्यात तो कानच्या मुख्य परीक्षक मंडळावर होता. कोरींनी त्याला नवी राज्यघटना लिहिणाऱ्या आयोगावर नेमलं. तिथे त्याने भाषण आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कलमात 'अभिव्यक्ती' हा शब्द घालण्याचा आग्रह धरला, तो १९८७ च्या घटनेत आहे. आपल्याकडे कलम १९ मध्ये तो पहिल्यापासून आहे. तिथे तो घालण्यासाठी चित्रपट अडवले गेलेला एक दिग्दर्शक लागला.

पण जमीन, परदेशी भांडवल असे प्रश्न आले तेव्हा आयोगातलं बहुमत जुन्या वळणावर गेलं. ब्रोकाने राजीनामा दिला. बाकी नाराज सदस्य आत राहून लढले. राजीनामा देणारा तो एकटा.

जानेवारी १९८७ मध्ये मेन्दिओला पुलावर जमीन मागायला आलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तेरा मेले. गावोगावी कम्युनिस्टविरोधी सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या आणि नव्या सरकारने त्यांना पाठीशी घातलं. यावर १९८९ मध्ये ब्रोकाने 'ओराप्रोनोबिस' केला, फ्रेंच पैशाने. पटकथा लकाबांचीच. तुरुंगातून सुटलेला माजी धर्मगुरू जिमी मानवी हक्कांचं काम करायला लागतो आणि त्याला दिसतं की टोळ्यांची कत्तल सुरूच आहे, फक्त राष्ट्राध्यक्ष बदललाय. सुरुवातीला परदेशी धर्मगुरूची हत्या आहे, त्यामागे १९८५ मध्ये मिंदानाव बेटावर इटालियन धर्मगुरू तुल्लिओ फावाली यांचा झालेला खून आहे. आणि टोळीचा म्होरक्या कोण? बेम्बोल रोको. ज्याने 'मायनिला'मध्ये हुलियोचा तो भाबडा, भेदरलेला चेहरा दिला, तोच नट चौदा वर्षांनी मंत्रांचे ताईत घालून माणसं मारतोय. ही निवड जाणूनबुजून केली की नाही माहीत असण्याची गरज नाही, बघताना अंगावर येते.

कानमध्ये तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला. फिलिपिन्सच्या चित्रपटगृहांत लागला नाही. लोकशाही आली होती तरी नाही.

अबोली

हे वाचून एक विचारावंसं वाटतं. ज्या सरकारसाठी रस्त्यावर उतरलो त्याच्यावर तीन वर्षांत इतका कडक चित्रपट करणं, त्याने उजव्यांचं फावतं, असं त्याला जवळच्यांनी ऐकवलं नसेल का? तेव्हा लष्कराचे उठावही चालू होते ना?

पडद्यामागे

उठाव चालूच होते, डिसेंबर १९८९ चा तर फार मोठा होता. त्यामुळे हा प्रश्न तेव्हाही होताच. माझं मत असं की टोळ्यांनी मारलेल्या गावकऱ्यांना लोकशाहीच्या नाजूकपणाचं कारण सांगून थांबवता येत नाही, आणि ब्रोकाने ते ओळखलं. पण 'ओराप्रोनोबिस'मध्ये संयम कमी आहे हेही मी म्हणेन. 'इन्सियांग'मध्ये तो राजवटीचं नावही घेत नाही आणि सगळं सांगतो. इथे पात्रं भाषणं करतात. तातडी दिसते, कला थोडी मागे पडते. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी तो 'गुमापांग का सा लुसाक' करतो, भ्रष्ट महापौर, त्याची बायको आणि त्याने ठेवलेली नटी, पूर्ण मसाला, गाजलेले कलाकार, आणि चित्रपट तुफान चालतो. राजकारण त्यातही तेवढंच आहे. मला तो 'ओराप्रोनोबिस'पेक्षा जास्त ब्रोका वाटतो.

त्याच्या समलैंगिकतेबद्दल लिहायचं राहिलं. तो त्याबद्दल मोकळेपणाने बोलत असे. क्रिश्चन ब्लॅकवूड यांनी १९८७ मध्ये त्याच्यावर केलेल्या माहितीपटात तो बालपण, श्रद्धा, राजकारण आणि हे, सगळं एका दमात सांगतो. १९८८ चा 'माचो डान्सर' मनिलाच्या बारमध्ये नाचणाऱ्या खेड्यातल्या मुलांवर आहे. काटछाट न केलेली प्रत परदेशात नेऊनच दाखवावी लागली.

दर्यावर्दी

शेवट कसा झाला त्याचा? बोसन सांगायचा की अपघात झाला, पण तो नीट सांगू शकला नाही.

पडद्यामागे

मे १९९१, क्वेझोन सिटी, मध्यरात्रीनंतर मोटारीचा अपघात. गाडी एक तरुण नट चालवत होता, तो वाचला. ब्रोका ५२ वर्षांचा होता. त्याआधी पाच महिने, डिसेंबर १९९० मध्ये, १९८५ च्या अटकेच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता: राजद्रोहाच्या चिथावणीचा खटला वाईट हेतूने भरलेला, तो चालवू नये. तो निकाल ऐकायला तो होता, एवढं तरी झालं. १९९७ मध्ये त्याला मरणोत्तर राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला.

पेठेतला

हे चित्रपट आज बघायला चांगल्या स्थितीत मिळतात का? त्या हवामानात प्रती टिकणं कठीण. आपल्याकडचाही अनुभव फार वेगळा नाही.

पडद्यामागे

बरेच गेले किंवा खराब प्रतींवर उरलेत. वाचले ते मुख्यतः देशाबाहेर राहिले म्हणून. 'मायनिला'ची मूळ निगेटिव्ह माइक दे लिऑन यांच्यामुळे लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात होती, 'इन्सियांग'ची रिसियाँ यांनी फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत ठेवली होती. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनच्या पुढाकाराने इटलीतल्या बोलोन्यात दोन्ही दुरुस्त झाल्या, 'मायनिला' २०१३ ला आणि 'इन्सियांग' २०१५ ला पुन्हा कानमध्ये दाखवले गेले. दोन्ही क्रायटेरियन या अभिजात चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या डिस्कवर आहेत. 'बोना'ही दुरुस्त होऊन २०२४ ला कानमध्ये झळकला. दर्यावर्दी, तुमच्या बोसनना हे कळवा. नोरा औनोर एप्रिल २०२५ मध्ये गेल्या, त्याआधी त्यांचा हा चित्रपट असा परत आला.

क्रम विचाराल तर मी आधी 'इन्सियांग' बघा म्हणेन, दीड तासाचाच आहे. मग 'मायनिला', मग 'बोना'. 'बायान को' आणि 'ओराप्रोनोबिस' पाठोपाठ बघा, एक मार्कोसच्या काळातला आणि एक कोरींच्या. 'तिनिम्बांग'ची प्रत जरा मळकी मिळाली तरी सोडू नका.

वऱ्हाडवारा

'तिनिम्बांग' मिळाला. भाषा कळणार नाही म्हणून प्रसंगागणिक मराठीत सांगत दाखवायचं ठरवलंय. कुआलाला बायका घेऊन जातात त्या प्रसंगात कोण काय म्हणतं ते कुणी थोडक्यात लिहून देईल का? बाकी मी जमवतो.

अबोली

मी लिहून देते. दोन दिवस द्या.